वादग्रस्त होऊ शकेल असं नाटक करताय? मग संहितेपासून तिसऱ्या घंटेपर्यंत काय काय करून ठेवायचं ते वाचा

कॉलेजचा ग्रुप असो, हौशी संस्था असो नाहीतर प्रायोगिक करणारी मंडळी असोत, सगळ्यांची एक सवय सारखी असते: जीव सगळा तालमीत आणि कागदपत्रं प्रयोगाच्या आठवड्यात. एरवी हे चालून जातं, कुणी विचारत नाही. पण विषयात देव आला, महापुरुष आला, जात आली, बाईचं शरीर आलं किंवा खुर्चीवरचा जिवंत माणूस आला की तीच सवय अंगाशी येते, कारण गोंधळ सुरू झाल्यावर कुणीही तुमच्या नाटकाचा अर्थ विचारत नाही, विचारतात ते परवानगी कुठाय, सही कुणाची, हे वाक्य मूळ संहितेत होतं का. म्हणून हा लेख. मी वकील नाही, नाटकवाला आहे, त्यामुळे कायद्याची कलमं सांगेन ती तुमच्या वकिलासमोर बसताना तोंडपाठ असावीत एवढ्यासाठीच. आणि हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, बाकी राज्यांचे नियम वेगळे.

आधी हे क्लिअर करा, की सेन्सॉर एक नाही

"सेन्सॉर झालं का?" असं आपण सरसकट विचारतो, पण नाटक अडवणारे लोक वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाशी बोलायची भाषाही वेगळी असते. पहिलं म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, जे संहिता वाचतं. दुसरे पोलीस आणि सरकार, जे कायदा-सुव्यवस्था हा शब्द वापरतात. तिसरी गर्दी, म्हणजे निवेदन घेऊन येणाऱ्यांपासून स्टेजवर चढणाऱ्यांपर्यंत सगळे. चौथा नाट्यगृहाचा मालक किंवा व्यवस्थापन, जे काहीच बोलत नाही, फक्त तारीख देत नाही. आणि पाचवे आपण स्वतः. माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त वाक्यं हा पाचवाच कापतो, आणि त्याच्या कटची कुठे नोंदही राहत नाही.

मंडळ उठलं की सगळं मोकळं होईल असं ज्यांना वाटतं त्यांनी इंग्लंडकडे बघावं. तिथे १७३७ पासून नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या ऑफिसातून पास करून घ्यावी लागायची, १९६८ च्या कायद्याने ते बंद झालं. पण २००४ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅममध्ये गुरप्रीत कौर भट्टींचं 'बेहज्ती' नाटक थिएटरबाहेरच्या हिंसक निदर्शनांनंतर बंद करावं लागलंच. सेन्सॉर नव्हता, नाटक मात्र बंद.

पहिली पायरी: संहितेचं एक वाचन फक्त आक्षेपासाठी

तालमी सुरू होण्याआधी लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि एक बाहेरचा माणूस यांनी एकत्र बसून संहिता वाचायची. या वाचनात अभिनय नाही, कौतुक नाही, फक्त पेन्सिल. जिथे कुणी हरकत घेऊ शकेल असं वाटतं तिथे खूण करायची आणि समासात एका ओळीत लिहायचं की हे वाक्य इथे का आहे, कोणत्या पात्राच्या तोंडी आहे, नाटक त्या पात्राच्या बाजूने आहे की विरोधात.

लक्षात घ्या, हे वाचन कापण्यासाठी नाही. खूण केली म्हणजे वाक्य गेलं असं समजून लोक धडाधड लाल रेषा मारत सुटतात, तसं करायचं नाही. हा कागद कशासाठी ते सांगतो. धार्मिक भावना दुखावल्याचं जे कलम आहे, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं २९५-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९९, त्यात नुसतं कुणाला वाईट वाटलं एवढ्यावर गुन्हा होत नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने अपमान केलेला असावा लागतो. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्येच रामजीलाल मोदी केसमध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे प्रश्न हेतूचा आहे, आणि वाद व्हायच्या कितीतरी आधी तारीख घालून लिहिलेला तुमच्या हेतूचा कागद नंतरच्या कुठल्याही खुलाशापेक्षा वजनदार.

महापुरुषांबाबत मात्र जास्त सावध. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेवरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये असं म्हटलं की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर अश्लीलतेचा निकष जास्त कडक लागेल. मला हा निकाल पटत नाही, पण पटत नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. तुमच्या नाटकात एखादा राष्ट्रपुरुष शिव्या देत असेल तर वकिलाला आधी दाखवा, नंतर नको.

बाहेरचा माणूस कोण घ्यायचा यावर थोडं. नाटकात ज्या समाजाबद्दल बोलताय त्यातला घ्या. होकार मिळवायला नाही, तर तुम्हाला न दिसणारी गोष्ट दिसावी म्हणून. सगळी टीम एकाच गल्लीतली, एकाच जातीतली, एकाच कॉलेजातली असली की बऱ्याच गोष्टी विनोदी वाटतात ज्या तशा नसतात.

दुसरी पायरी: मंडळाकडे संहिता पाठवणं

थोडा इतिहास, कारण वाद घालायची वेळ आली तर लागतो. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोग कायदा आणला, राजकीय नाटकं दाबण्यासाठी. कृ. प्र. खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं १९०७ मध्ये, प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन बघितला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर अलाहाबाद हायकोर्टाने १९५६ मध्ये हा कायदा घटनाविरोधी ठरवला, ती केस इप्टा या नाट्यसंघटनेच्या लखनौमधल्या 'ईदगाह'च्या प्रयोगावरून झाली होती. तमिळनाडूच्या स्वतःच्या नाट्यप्रयोग कायद्यातल्या तरतुदी मद्रास हायकोर्टाने २०१३ मध्ये रद्द केल्या. केंद्राने १८७६ चा कायदाही आता पुस्तकातून काढून टाकलाय. मग आपल्याकडे संहिता का पाठवायची? कारण महाराष्ट्रातली पूर्वतपासणी येते ती पोलीस कायद्याखालच्या नियमांतून, तो रस्ता वेगळा. या पूर्वतपासणीलाच आव्हान देणारी याचिका अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टात केली होती. तत्त्व म्हणून मी पालेकरांच्या बाजूचा, पण शनिवारी प्रयोग असेल तर तत्त्वाने पडदा उघडत नाही, सेन्सॉर नंबर, म्हणजे मंडळाच्या सर्टिफिकेटचा नंबर लागतो, आणि स्पर्धांच्या प्रवेशिकेवरही तो मागतात.

पाठवताना काय बघायचं? संहिता फायनल हवी. अर्धवट संहिता पाठवून नंतर बघू म्हणणारे नंतर अडकतात. पानांना नंबर घाला. गाणी, व्हॉइसओव्हर, पडद्यावर दिसणारा मजकूर, व्हिडिओतली वाक्यं, सूत्रधाराची निवेदनं सगळं संहितेत टाईप करा, कारण हरकत बहुतेक वेळा गाण्याच्या ओळीवर किंवा प्रोजेक्शनवर येते आणि ते कागदावर नसलं की तुम्ही लपवलं असं होतं. महत्त्वाच्या रंगसूचनाही लिहा. फॉर्म, फी, ऑनलाइन की ऑफलाइन हे बदलत राहतं तेव्हा मंडळाच्या ऑफिसला आधी फोन करून विचारा, मित्राने मागच्या वर्षी काय केलं होतं त्यावर जाऊ नका. आणि शुभारंभाच्या तारखेआधी भरपूर वेळ ठेवा. घाईतला माणूस कुठलाही कट मान्य करतो हे समोरच्यालाही माहीत असतं.

कट आले तर काय? तोंडी आले तर लेखी मागा. "अहो तेवढा शब्द काढून टाका ना" असं फोनवर सांगितलं जातं, आपण हो म्हणतो आणि तो कट कुणी केला याचा कुठेच पुरावा राहत नाही. लेखी आल्यावर प्रत्येक कटसमोर तीन रकाने करा: मान्य, पर्याय देतो, अमान्य. अमान्य फार ठेवू नका, जे ठेवाल त्याला कारण द्या आणि प्रत्यक्ष बाजू मांडायची वेळ मागा. इथे तुमचा पहिल्या पायरीचा कागद कामाला येतो.

आता मान्य करायचं तरी कसं करायचं यावर मराठी रंगभूमीवरचं सगळ्यात भारी उदाहरण 'गिधाडे'चं आहे. तेंडुलकरांचं नाटक, डॉ. श्रीराम लागूंचं दिग्दर्शन, १९७० ची गोष्ट. साडीवरचा रक्ताचा लाल डाग मंडळाला चालेना. लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगायला सुरुवात केली की सेन्सॉरने लाल डागाला हरकत घेतलीय तर निळा डाग कृपया लाल समजावा. आदेश शंभर टक्के पाळला, आणि तो डाग कधी नव्हे इतका लाल झाला! असा पर्याय सुचला तर कोर्टाची पायरी चढायची गरज नाही.

पण कधी कधी चढावीच लागते. १९७२ चं 'सखाराम बाईंडर' घ्या. मंडळाने इतके कट सुचवले की नाटकच उरलं नसतं, निर्माते-दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. पुढे त्यांनी 'बाईंडरचे दिवस' हे पुस्तक लिहिलं, निर्मात्याने तरी ते वाचावंच, कारण लढाईत पैसा, तारखा, नटांची घालमेल, घरचे प्रश्न हे सगळं कसं येतं ते त्यात दिसतं. कोर्टात जायचं ठरवताना साधा हिशोब: ते वाक्य काढलं तर नाटक उभं राहतं का? राहत असेल तर पर्याय शोधा. नसेल राहत तर वकील शोधा.

ॲडिशन, इम्प्रोव्हायझेशन आणि बदललेली पानं

हा वेगळा मुद्दा करतोय कारण सगळे इथेच फसतात. सर्टिफिकेट असतं ते संहितेला. नट प्रयोगात ॲडिशन घेतो, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य टाकतो, लोक हसतात, पुढच्या प्रयोगात ती वाढते, आणि महिन्याभरात नाटकात दोन-चार नेत्यांची नावं आलेली असतात जी कुठल्याच पानावर नाहीत. एरवी ठीक, पण तक्रार झाली की पहिला प्रश्न संहितेत आहे का हाच. त्यामुळे जड विषयाच्या नाटकात नियम करा, राजकीय किंवा धार्मिक ॲडिशन दिग्दर्शकाला विचारल्याशिवाय नाही. तालमीत बदललेली पानं मंडळाला परत पाठवा. इम्प्रोव्हायझेशनमधून नाटक घडवत असाल तर एका टप्प्यावर ते गोठवून लिहून काढा. जिवंतपणा जातो अशी ओरड होईल, होऊ दे.

पास झालेल्या संहितेची शिक्का असलेली प्रत, सर्टिफिकेट, लेखकाची परवानगी, नाट्यगृहाची पावती यांचा एक सेट प्रयोगाच्या बॅगेत, एक व्यवस्थापकाकडे, एक फोनमध्ये स्कॅन करून. दौऱ्यावर तर हवाच.

तिसरी पायरी: नाट्यगृहाशी लेखी बोलणं

तारीख मिळाली की आपण खूश होतो आणि अटी वाचत नाही. वाचा. प्रयोग रद्द करायचा अधिकार कुणाला, किती वेळ आधी, कोणत्या कारणाने, डिपॉझिट परत मिळणार का, तिकिटांचे पैसे कुणी परत करायचे, सिक्युरिटी कुणाची. खाजगी जागा असेल तर मालकाला विषय आधी सांगून टाका. न सांगता बुक करून आयत्या वेळी त्याला टीव्हीवरून कळलं तर तो घाबरणार आणि कुलूप लावणार, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याची फार चूकही नाही.

महापालिकेचं किंवा सरकारी नाट्यगृह असेल तर मात्र बिनधास्त लेखी कारण मागा. "तारीख शिल्लक नाही" असं उत्तर आलं आणि तुम्हाला शंका असेल तर माहिती अधिकारात तारीखवाटप मागवता येतं. नुसता अर्ज केला तरी कधी कधी तारीख सापडते, अनुभव घ्या.

रस्त्यावर किंवा मैदानात करणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी, जागेच्या मालकाची किंवा पालिकेची परवानगी आणि लाऊडस्पीकरची परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते, एक मिळाली म्हणजे सगळ्या मिळाल्या असं धरू नका.

चौथी पायरी: टीमला खरं सांगणं

यावर कुणी बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलणार. धोका दिग्दर्शक ठरवतो आणि दगड बॅकस्टेजच्या पोराला लागतो, असं बऱ्याचदा होतं. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना, लाईटवाल्यापासून प्रॉपर्टी सांभाळणाऱ्यापर्यंत, समोर बसवून सांगा की या नाटकावरून वाद होऊ शकतो, कसला होऊ शकतो, संस्था काय करेल आणि काय करू शकणार नाही. ज्याला बाहेर पडायचंय त्याने पडावं, त्याची टिंगल नको. सरकारी नोकरीतला, व्हिसाची वाट बघणारा, घरात एकटा कमावणारा, यांची गणितं वेगळी असतात.

विद्यार्थी असतील तर दुप्पट काळजी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या बॅकस्टेजच्या गमतीवरचं विद्यार्थ्यांचं नाटक सुरू असताना गोंधळ घालून ते बंद पाडलं गेलं आणि विभागप्रमुख व विद्यार्थी मिळून सहा जणांना अटक झाली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईत रामायणावर बेतलेल्या 'राहोवन' या नाटकावरून विद्यार्थ्यांना संस्थेनेच दंड केला, काहींना तर लाखाच्या वर. म्हणजे आतली परीक्षा, कॅम्पसमधला कार्यक्रम, ओळखीचे प्रेक्षक, यातलं काहीही कवच नाही. शिक्षकांनी संस्थेकडून लेखी मान्यता घ्यावी, विद्यार्थ्यांच्या घरी माहिती असावी, आणि वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच सेव्ह असावा.

बोलणारा एकच माणूस ठरवा. बाकीच्यांनी पत्रकाराला एवढंच सांगायचं की आमच्या वतीने अमुक बोलतील. रात्री दोन वाजता चिडून टाकलेली पोस्ट हीच पुढे फिर्यादीचा कागद होते. आणि सोशल मीडियावर सगळ्यात घाण झोड अभिनेत्रींवर पडते, नाटक लिहिलेलं असतं कुणी आणि शिव्या खाते ती. तिची अकाउंट्स कोण बघणार, धमक्यांचे स्क्रीनशॉट कोण काढणार हे आधी ठरवा, तिला एकटीला त्या कमेंट वाचत बसू देऊ नका.

पाचवी पायरी: जाहिरात

वाद विकू नका. "बंदी घालण्याआधी बघा", "सर्वात वादग्रस्त" असल्या जाहिराती करून दोन शो हाऊसफुल्ल होतील, पण उद्या कोर्टात हेतू सिद्ध करायचा झाला तर समोरचा वकील तुमचंच पोस्टर दाखवणार. ट्रेलर कापताना प्रत्येक तुकडा एकटा पाहून बघा. रंगमंचावर जे पात्र शेवटी उघडं पडतं त्याचं एक जहाल वाक्य तीस सेकंदाच्या रीलमध्ये संस्थेचं मत होऊन बसतं, आणि ती रील बघणारे हजारो लोक नाटकाला कधीच येणार नसतात.

डिस्क्लेमरबद्दल: "कुठल्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी साम्य आढळल्यास योगायोग" हे वाक्य सगळेच टाकतात, हरकत नाही, पण नाटक उघड उघड एखाद्यावर असेल तर ते हास्यास्पद दिसतं. त्यापेक्षा नाटक कशावर आधारलंय, काय कल्पित आहे, कोणत्या वयासाठी आहे, हिंसा वा शिवीगाळ आहे का, हे तिकीट काढतानाच स्पष्ट सांगा. प्रेक्षकाला माहिती देणं आणि माफी मागणं यात फरक आहे, माफीचा सूर येऊ देऊ नका.

सहावी पायरी: निवेदन, धमकी किंवा नोटीस आली तर

आधी ओळखा काय आलंय. निवेदन म्हणजे मत, ते घ्या, पोच द्या, दोन ओळींचं सभ्य उत्तर द्या. धमकी म्हणजे गुन्हा, तिची तक्रार लगेच, स्क्रीनशॉट आणि कॉल रेकॉर्डसह. पोलिसांची नोटीस म्हणजे वकील, स्वतः उत्तर लिहायला बसू नका.

"आम्हाला आधी नाटक दाखवा, मग ठरवू" अशी मागणी हमखास येते. माझं मत, दाखवायचं नाही. तिकीट काढून या, पहिल्या रांगेत बसा, नंतर चर्चा करू, असं म्हणा. कारण एकदा खाजगी शो केलात की मंडळानंतर अजून एक मंडळ तुम्ही स्वतःच नेमलंत, आणि पुढच्या गावात वेगळी माणसं तीच मागणी करणार. बरेच अनुभवी निर्माते याच्या उलट सांगतील, त्यांनी असे शो करून नाटकं वाचवलीही आहेत, त्यामुळे परिस्थिती बघा. पण गुपचूप करू नका, केलंत तर सगळ्या टीमला सांगून करा.

बंदोबस्तासाठी पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. बऱ्याचदा उत्तर येतं की तुम्हीच प्रयोग पुढे ढकला ना. इथे दोन निकाल अर्जातच लिहून टाका. एस. रंगराजन वि. पी. जगजीवन राम, १९८९: निदर्शनं होतील, हिंसा होईल या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, आणि विरोधकांना आवरणं जमत नाही असं कारण सरकारला सांगता येणार नाही. इंडिबिली क्रिएटिव्ह वि. पश्चिम बंगाल सरकार, २०१९: पास झालेला बंगाली सिनेमा थिएटरांतून गायब झाला म्हणून सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. दोन्ही केस सिनेमाच्या, पण तत्त्व तेच आणि २० लाखांचा आकडा वाचून कधी कधी बंदोबस्त मिळतो.

सरकारनेच थांबवलं तर? 'मी नथुराम गोडसे बोलतोय' १९९८ मध्ये राज्य सरकारने बंद पाडलं, २००१ मध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली. नाटकाची बाजू मला अजिबात पटत नाही, तरी बंदी उठली ते योग्यच झालं असं मानतो. आणि तारखा परत बघा, जिंकायलासुद्धा काही वर्षं गेली. तेवढा काळ संस्था तग धरेल का हा प्रश्न आधी विचारा, भाषणं नंतर.

आक्षेप खरा असेल तर

सगळे विरोधक गुंड नसतात. हे नाटकवाल्यांना ऐकायला आवडत नाही. लंडनच्या बार्बिकनने २०१४ मध्ये ब्रेट बेली यांचं 'एक्झिबिट बी' रद्द केलं. त्यात कृष्णवर्णीय कलाकार वसाहतकाळातल्या माणसांच्या प्रदर्शनासारखे उभे केलेले होते, हेतू वंशवादावर टीका करायचा. विरोध करणारेही वंशवादाच्याच विरोधातले होते, त्यांचं म्हणणं होतं की आमचा अपमान पुन्हा मांडून तुम्ही टाळ्या घेताय. रद्द होणं मला चुकीचं वाटतं, पण त्यांचा प्रश्न चुकीचा होता असं म्हणवत नाही.

मग कसं ओळखायचं? मी बघतो की आक्षेप घेणारा नाटक बंद करा म्हणतोय की नाटकाशी भांडतोय. त्याने बघितलंय किंवा वाचलंय का. आणि नाटकातला विनोद वरच्याला लागतोय की आधीच दबलेल्याला. गावातल्या दुबळ्या जातीच्या बोलीची टर उडवून हशा काढायचा आणि कुणी बोललं की अभिव्यक्तीचा झेंडा काढायचा, हे आपल्या रंगभूमीवर होत आलंय आणि ते सेन्सॉरशिपच्या विषयात मोडत नाही, ते आळशी लेखन आहे. अशा वेळी प्रयोगानंतर चर्चा ठेवा, त्या माणसाला माइक द्या, बदल करावासा वाटला तर करा आणि का केला ते सांगा. दबावाखाली गुपचूप केलेला बदल आणि पटून उघड केलेला बदल, दोन्हीत वाक्य तेच जातं, पण पुढच्या नाटकाला लिहिताना तुमचा हात थरथरतो की नाही ते यावर ठरतं.

सातवी पायरी: प्रयोगाचा दिवस

प्रयोग थांबवायचा निर्णय एकाच माणसाचा. रंगमंच व्यवस्थापकाचा असेल तर उत्तम, कारण दिग्दर्शक भावनेत असतो. खूण ठरवा, समजा लाईट तीनदा ब्लिंक झाला की नटांनी संवाद तोडून मागच्या विंगेत जायचं, कुणीही हिरोगिरी करायची नाही. हाऊसलाईट लगेच पूर्ण लावायचे, अंधारात धक्काबुक्की वाढते. माइकवर बोलायचा मजकूर लिहून ठेवा: प्रयोग काही वेळ थांबवत आहोत, कृपया जागेवर बसा, दरवाजे उघडे आहेत. एवढंच, घोषणा नकोत. तिसऱ्या घंटेआधी मेकअप रूम आणि मागचा दरवाजा कोण सांभाळतंय, मुलाबाळांना घेऊन आलेले प्रेक्षक कुठून बाहेर जातील, नटांची गाडी कुठे उभी आहे हे बघा. दोघांनी फक्त शूटिंग करायचं, एक स्टेजवरून आणि एक मागच्या रांगेतून, आणि फाईल लगेच कुणालातरी पाठवून द्यायची. अंगावर कुणी आलं तरी हात उचलायचा नाही. उचललात की दोन्ही बाजूंवर गुन्हा, आणि बातमी होते "दोन गटांत हाणामारी".

एफआयआर झालाच तर

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खेरीज १९६, म्हणजे गटांमध्ये तेढ, आणि २९६, म्हणजे अश्लील कृत्य वा गाणी, ही नेहमीची कलमं. वकिलाला दोन गोष्टी विचारा. एक, २९९ आणि १९६ मध्ये सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही, ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ ची अट आहे, ती परवानगी घेतली का? दुसरी गोष्ट, तीन किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत त्याच संहितेच्या १७३(३) प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातमधला एफआयआर रद्द करताना सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्यावरच्या अशा प्रकरणांत ही चौकशी करणंच योग्य, आणि शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्या नजरेने नाही. तुमची केस नेमकी याच खणात बसते. अटकपूर्व जामीन नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ४८२ खाली. फोन, लॅपटॉप देताना पंचनामा झाल्याशिवाय देऊ नका आणि जबाब देताना "संहितेत जे आहे तेच सादर केलं" हे म्हणता यावं म्हणून वर ॲडिशनचा एवढा किस काढला.

पुन्हा पडदा

बंद पडलेलं नाटक पुन्हा उभं करायला जेवढा उशीर तेवढं ते अवघड, नट दुसरीकडे जातात, घरचे नको म्हणतात. 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर १९७२ मध्ये आलं आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच थांबवलं, मग त्यातल्याच मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक परत सुरू केलं, १९८० मध्ये विरोधाला तोंड देत ते युरोपलाही नेलं. म्हणजे संस्था बदलून नाटक वाचवता येतं हाही मार्ग आहे. आणि जनम, म्हणजे पथनाट्यं करणारा जन नाट्य मंच. त्यातल्या सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरमध्ये पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलयश्री हाश्मी आणि बाकीच्या मंडळींनी त्याच जागी जाऊन तेच 'हल्ला बोल' पूर्ण केलं. एवढं धैर्य कुणाकडून मागायचा हक्क कुणालाही नाही. तुम्ही आठवड्याभरात पुढची तारीख जाहीर केलीत तरी पुरे, जागा छोटी असली तरी चालेल, फक्त कास्ट शक्यतो तीच ठेवा. पहिल्या वेळचा बंदोबस्ताचा अर्ज, त्याची पोच आणि गोंधळाचं शूटिंग नव्या अर्जाला जोडा, आणि या वेळी अर्जाची एक प्रत पोलीस स्टेशनसोबत आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयातही द्या.